बाजाराचा क्रूस आणि तोफांचा पुतळा : वेल्समधल्या एका चौकाची गोष्ट



'इतिहासाची साधने' हा भाग शिकवताना आपण किल्ले, लेणी, नाणी, ताम्रपट अशी उदाहरणं देतो. ती योग्यच आहेत. पण त्यातून मुलांचा नकळत एक समज होतो, की जे अजून उभं आहे तेवढाच इतिहास. मग जी वस्तू आता जागेवर नाहीच, तिचा इतिहास कसा सांगायचा?

यासाठी आज जरा लांबचं उदाहरण घेतलं आहे. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा देश आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागात कार्मार्दन नावाचं गाव आहे. (इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'थ' दिसतो, पण उच्चार 'द'च्या जवळचा आहे.) मध्ययुगात या गावाच्या बाजारचौकात एक क्रूस होता. आज तो तिथे नाही. त्या जागी एका सेनापतीचा पुतळा उभा आहे. आणि गंमत अशी, की त्या पुतळ्याचं ब्राँझ कुठून आलं हे कळल्यावर वेल्सचा हा धडा थेट मराठ्यांच्या इतिहासाशी येऊन जुळतो. कसा ते क्रमाने पाहू.

गावाची ओळख

कार्मार्दन हे टवी नदीच्या काठी वसलेलं गाव आहे. वेल्समधलं सर्वांत जुनं गाव असा त्याचा लौकिक आहे. रोमन लोकांनी इथे ठाणं वसवलं होतं, त्याचं नाव मोरिडूनम. त्या काळच्या गोलाकार रंगमंडळाचे अवशेष आजही दिसतात. पुढे १२व्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्मन सरदारांनी नदीवर नजर ठेवता येईल अशा उंचवट्यावर किल्ला बांधला. किल्ल्याच्या आश्रयाने नवी वस्ती वाढली आणि वस्तीबरोबर बाजार वाढला. समुद्रातून टवी नदीत जहाजं येत, ती थेट गावाच्या धक्क्याला लागत. आत डोंगराळ मुलूख, तिथे मेंढ्या आणि लोकर. म्हणजे एका बाजूला माल पिकवणारा प्रदेश, दुसऱ्या बाजूला माल नेणारी नदी आणि मध्ये हे गाव. बाजाराला आणखी काय लागतं?

१३५३ साली इंग्लंडच्या राजाने लोकरीच्या व्यापारासाठी ठरावीक गावं नेमून दिली. निर्यातीची लोकर तिथेच आणायची, तिथेच तोलायची, कर भरायचा आणि मगच पुढे न्यायची. इंग्लंडमध्ये अशी १० गावं होती, आयर्लंडमध्ये ४. संपूर्ण वेल्समध्ये मात्र एकच, ते म्हणजे कार्मार्दन. यावरून या बाजाराचं वजन लक्षात येईल.

हा बाजार भरायचा किल्ल्याच्या दरवाज्यासमोरच्या चौकात, आणि तिथेच तो क्रूस होता.

बाजारात क्रूस कशासाठी?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतील. क्रूस म्हणजे चर्च, मग तो बाजारात कसा?

ब्रिटनमधल्या शेकडो गावांत असे क्रूस होते. त्यांना 'मार्केट क्रॉस' म्हणतात. साधारण रचना अशी असे : खाली दगडी पायऱ्यांचा चौथरा, त्यावर उंच खांब आणि खांबाच्या टोकाला क्रूस. काही श्रीमंत गावांनी त्यावर छप्परही बांधलं. इंग्लंडमधल्या चिचेस्टर गावात १५०१ सालचा असा छपराचा मार्केट क्रॉस अजून उभा आहे.

सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी बाजार चर्चच्या आवारातच भरत असे. रविवारी प्रार्थनेला लोक जमायचेच, तिथेच देवघेव व्हायची. पण देवाच्या दारात घासाघीस आणि भांडणं नकोत म्हणून १२८५ साली इंग्लंडच्या राजाने कायदा करून चर्चच्या आवारातले बाजार आणि जत्रा बंद केल्या. तरी व्यवहाराला देवाची साक्ष असावी ही लोकांची भावना होतीच. क्रूसासमोर दिलेला शब्द मोडायला माणूस कचरतो. त्या काळी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदावर सही नाही, पावती नाही. मग सौदा पक्का कसा समजायचा? तर चारचौघांत, भर बाजारात, क्रूसाच्या साक्षीने.

इथे मुलांना 'चारचौघांत' आणि 'भर बाजारात' हे आपले शब्दप्रयोग जरूर दाखवावेत. आपण ते बहुतेक वेळा अपमानाच्या संदर्भात वापरतो. पण चारचौघांत झालेली गोष्ट नाकारता येत नाही हा त्यांचा दुसरा अर्थ. मार्केट क्रॉसचं सगळं काम या दुसऱ्या अर्थावर चालायचं.

क्रूसाभोवती काय काय चालायचं?

मध्ययुगातल्या ब्रिटिश बाजारांचे नियम वाचले की आश्चर्य वाटतं. त्यातले काही आजही ओळखीचे वाटतील.

१. बाजाराआधी खरेदी नाही. शेतकरी माल घेऊन येत असताना गावाबाहेरच गाठायचा, माल स्वस्तात उचलायचा आणि बाजारात महाग विकायचा, हा गुन्हा होता. माल आधी बाजारात आला पाहिजे, सगळ्यांना दिसला पाहिजे, मगच विक्री. दलालाने वाटेत माल अडवणं ही तक्रार किती जुनी आहे बघा!

२. पावाचा भाव तोच, वजन बदलतं. १३व्या शतकातल्या एका कायद्याने पाव आणि बिअर यांवर नियंत्रण आणलं. पावाची किंमत कायम ठेवायची, पण गहू महागला की पावाचं वजन किती कमी करायचं हे ठरलेलं असे. ५ रुपयांचा बिस्किटाचा पुडा दरवर्षी हलका कसा होत जातो, हे मुलांना चांगलं माहीत आहे. फरक इतकाच, की तेव्हा वजन किती घटवायचं ते दुकानदाराच्या हातात नव्हतं. ठरल्यापेक्षा हलका पाव विकणाऱ्याला दंड व्हायचा, आणि पुन्हा पुन्हा तेच केलं तर सर्वांसमोर खोड्यात उभं करायचे.

३. जागच्या जागी न्याय. जत्रेला लांबून आलेला व्यापारी दोन दिवसांनी निघून जाणार. त्याची तक्रार महिनाभर चालवून उपयोग काय? म्हणून जत्रेपुरतं वेगळं न्यायालय बसायचं. त्याचं नाव जुन्या फ्रेंच भाषेतून आलं आहे, अर्थ 'धुळीने माखलेले पाय'. वाटेच्या धुळीसकट आलेल्या माणसाला तसाच उभ्याउभ्या न्याय मिळायचा.

४. दवंडी. राजाचा हुकूम, नवा कर, युद्धाची किंवा तहाची बातमी, गुन्हेगाराची शिक्षा, हे सगळं क्रूसाच्या पायऱ्यांवरून मोठ्याने वाचलं जाई. बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं तिथे असायचीच. ती गावोगावी परत जाताना बातमी बरोबर नेत.

थोडक्यात, वजनकाटा, न्यायालय, सूचनाफलक आणि देवाची साक्ष हे सगळं एका खांबाभोवती होतं.

पण बाजार कोणाचा होता?

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण इतिहास शिकवताना एक प्रश्न विचारायलाच हवा : यात फायदा कोणाचा?

बाजार भरवायचा हक्क राजाच्या सनदेने मिळायचा. मालावर जकात, जागेचं भाडं, दंडाची रक्कम, या सगळ्यात राजा आणि गावातले हक्कदार रहिवासी यांचा वाटा. वेल्समध्ये या हक्कदारांत इंग्रजांचा मोठा भरणा होता. आजूबाजूच्या खेड्यांतला वेल्श शेतकरी बाजारात लोकर आणि जनावरं घेऊन यायचा, पण गावच्या कारभारात त्याला जागा मिळणं अवघड होतं. बाजारचौकाच्या समोर किल्ल्याचा दरवाजा होता हे विसरू नका. बाजारावर पहारा होता.

१४०० साली ओवाइन ग्लिनडूर या वेल्श सरदाराने इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव केला. त्यानंतर लगेच इंग्लंडच्या संसदेने वेल्श लोकांविरुद्ध कडक कायदे केले. वेल्श माणसाने अशा गावांत जमीन विकत घ्यायची नाही, हक्कदार रहिवासी व्हायचं नाही, अधिकारपद घ्यायचं नाही. आपल्याच मुलखातल्या बाजारात आपण फक्त विकायला यायचं! १४०३ साली ग्लिनडूरच्या लोकांनी कार्मार्दन गाव आणि किल्ला जिंकला. हा विजय फार काळ टिकला नाही. पण बाजाराच्या गावांवर एवढा राग का होता, हे वरच्या कायद्यांवरून समजतं.

म्हणून मुलांना सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात. क्रूस हे प्रामाणिक व्यवहाराचं चिन्ह होतं हे खरं. आणि तो व्यवहार कोणाच्या अटींवर चालतो हे दाखवणारं चिन्हही तेच होतं, हेही खरं.

३० मार्च १५५५

या चौकातली सर्वांत गंभीर घटना १६व्या शतकातली आहे. (लहान वर्गांना हा भाग तपशिलात सांगू नये. ७वीच्या पुढे सांगायला हरकत नाही.)

त्या काळात इंग्लंड-वेल्समध्ये धर्मावरून मोठी उलथापालथ चालली होती. राजा बदलला की राज्याचा पंथ बदलायचा. सहाव्या एडवर्डच्या काळात प्रोटेस्टंट पंथाचं राज्य होतं. तेव्हा रॉबर्ट फेरार हे वेल्समधल्या सेंट डेव्हिड्स या धर्मप्रांताचे बिशप झाले. १५५३ साली कॅथलिक राणी पहिली मेरी गादीवर आली. फेरार यांचं पद गेलं, खटला झाला आणि आपली मतं सोडायला नकार दिल्यामुळे त्यांना जिवंत जाळण्याची शिक्षा झाली. ३० मार्च १५५५ रोजी ती अमलात आली, कार्मार्दनच्या बाजारचौकात, मार्केट क्रॉसच्या दक्षिणेच्या बाजूला.

क्रूसाची ही जागा आपल्याला कळते ती जॉन फॉक्स यांच्या १५६३ साली छापलेल्या ग्रंथातून. फॉक्स यांनी लिहिलंय, की शिक्षेआधी एक तरुण फेरार यांना भेटला आणि होणाऱ्या यातनांबद्दल हळहळला. त्यावर फेरार म्हणाले, आगीत मी जरा जरी हललेला दिसलो तर माझ्या शिकवणुकीवर विश्वास ठेवू नकोस. आणि ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

आता मुलांना विचारा : हे फॉक्स कोण होते? तर ते स्वतः प्रोटेस्टंट होते, आणि आपल्या पंथाच्या हुतात्म्यांची चरित्रं लिहीत होते. म्हणजे लेखक एका बाजूचा आहे. मग सगळं खोटं मानायचं का? नाही. दिवस, गाव, शिक्षा या गोष्टी पक्क्या आहेत. पण प्रसंगाचं वर्णन वाचताना लेखकाची बाजू लक्षात ठेवायची. लिखित साधन कसं वाचावं याचा इतका सोपा नमुना क्वचित सापडतो.

आणखी एक मुद्दा. शिक्षेसाठी बाजारचौकच का निवडला? कारण सत्तेला साक्षीदार हवे होते. सौदा चारचौघांत व्हावा म्हणून जी जागा तयार झाली, तीच जागा दहशत चारचौघांत बसवायला वापरली गेली. तिथे आज फेरार यांच्या स्मरणार्थ फलक आहे.

क्रूस गेला, पुतळा आला

त्यानंतर जवळजवळ ३०० वर्षं गेली. गाव वाढलं. १८४६ साली बाजार जुन्या चौकातून हलवून नव्या मंडईत नेला. बाजारच गेला, मग बाजाराचा क्रूस कशाला? तो उतरवला गेला. चौकाला नवीन नाव मिळालं, नॉट स्क्वेअर. आणि १८५१ साली क्रूसाच्या जागी जनरल सर विल्यम नॉट यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. स्मारकाच्या निधीला राणी व्हिक्टोरियाने २०० गिनी दिल्या. पुतळा घडवणारे शिल्पकार एडवर्ड डेव्हिस.

हे नॉट कोण? त्यांचा जन्म १७८२ सालचा. वडील कार्मार्दनमध्ये खानावळ-मुक्कामघर चालवायचे. मुलगा १८०० साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात भरती होऊन हिंदुस्थानात आला आणि चाळीसेक वर्षं इथेच राहिला. पहिल्या अफगाण युद्धात कंपनीची मोठी वाताहत झाली. काबूलमधलं सैन्य माघार घेताना नष्ट झालं. तेव्हा कंदाहार टिकवून धरणारे सेनापती म्हणजे नॉट. १८४२ साली गव्हर्नर जनरल एलनबरो यांच्या हुकमावरून त्यांनी गझनीहून लाकडी दरवाजे आणले. हे सोमनाथ मंदिराचे दरवाजे आहेत असा एलनबरोंनी गाजावाजा केला. नंतर तपासणीत ते सोमनाथचे नसल्याचं स्पष्ट झालं. ते आजही आग्र्याच्या किल्ल्यात आहेत.

१८४५च्या पहिल्याच दिवशी नॉट यांचं कार्मार्दनमध्ये निधन झालं. एका मुक्कामघरवाल्याचा मुलगा एवढा मोठा झाला, याचा गावाला अभिमान वाटला. त्यात नवल नाही.

पुतळ्याचा धातू

आता तो ब्राँझचा मुद्दा. पुतळ्यासाठी धातू ईस्ट इंडिया कंपनीने दिला. तो होता महाराजपूरच्या लढाईत जिंकलेल्या तोफांचा.

महाराजपूर म्हणजे ग्वाल्हेरजवळचं गाव आणि तोफा शिंद्यांच्या. १८४३च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे वारले. त्यांची विधवा पत्नी ताराबाई अवघ्या १२-१३ वर्षांच्या होत्या. दत्तक घेतलेले जयाजीराव ८ वर्षांचे. साहजिकच दरबारात कारभार कोणी करायचा यावरून ओढाताण सुरू झाली. कंपनीला हवा असलेला कारभारी बाजूला पडला आणि दादा खासगीवाले यांच्या हाती सूत्रं आली. एलनबरो यांनी हे निमित्त धरून सैन्य पाठवलं. २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया झाल्या. महादजी शिंद्यांनी डी बॉइन या युरोपीय सेनानीच्या मदतीने कवायती पायदळ आणि तोफखाना उभारला होता, त्या परंपरेतलं हे सैन्य. त्यांच्या गोलंदाजांनी महाराजपूरला कडवी झुंज दिली. पण लढाई हरली. पन्नासहून अधिक तोफा कंपनीच्या हाती पडल्या आणि शिंद्यांना आपलं सैन्य कमी करावं लागलं.

तोफा वितळवून कंपनीने त्यांचं काय काय केलं बघा. लढलेल्या सैनिकांना 'ग्वाल्हेर स्टार' नावाची पदकं दिली, ती या तोफांच्या धातूची. आणि कार्मार्दनमध्ये नॉट यांचा पुतळा उभारला, तोही याच लढाईतल्या तोफांच्या धातूचा. नॉट स्वतः महाराजपूरच्या लढाईत नव्हतेच!

म्हणजे वेल्समधल्या त्या चौकात आज जे ब्राँझ उभं आहे, ते एकेकाळी मराठी सरदाराच्या तोफखान्यात होतं. आपल्या पुस्तकात शिंद्यांचा इतिहास येतो, पण तोफांचं पुढे काय झालं हा प्रश्न आपण विचारत नाही.

आता पूर्ण गोष्ट एकदा मागे वळून पाहा. ग्लिनडूरच्या काळात वेल्श माणसाला ज्या गावात जमीन घ्यायलाही बंदी होती, त्याच गावात साडेचारशे वर्षांनी वेल्समध्ये जन्मलेल्या एका सेनापतीचा सन्मान झाला. तो सन्मान दुसऱ्या एका जिंकल्या गेलेल्या मुलखाच्या धातूतून घडला. कोण जिंकलं आणि कोण हरलं याचं उत्तर इतकं सरळ नसतं, हे मोठ्या मुलांना यातून छान समजावता येतं. इथे कोणाला दोषी ठरवायची घाई नको. आधी घटना समजू देत.

वर्गात काय करता येईल?

१. साधनांची वर्गवारी : या गोष्टीतली साधनं मुलांना वेगळी करायला सांगा. किल्ला, रंगमंडळ, पुतळा ही भौतिक. सनदा, कायदे, फॉक्स यांचा ग्रंथ ही लिखित. मग विचारा, क्रूस कशात बसतो? तो आता नाही, पण लिखित साधनात आहे. यावर चांगली चर्चा होते.

२. गणित : गव्हाचा भाव दीडपट झाला आणि पावाची किंमत तीच ठेवायची, तर ३०० ग्रॅमचा पाव किती ग्रॅमचा करावा लागेल? (फक्त गव्हाचाच खर्च धरायचा. उत्तर २०० ग्रॅम.) व्यस्त प्रमाण शिकवायला हे उदाहरण सोपं जातं.

३. बाजाराचे नियम : वर्गात गट करून आपापल्या बाजारासाठी पाच नियम लिहायला सांगा. प्रत्येक नियमापुढे 'हा कोणाच्या फायद्याचा?' असा रकाना ठेवा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

४. चौकाची तीन प्रश्नांची नोंद : पालकांनी मुलांना घेऊन आपल्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या एका चौकात जावं. तीन प्रश्न विचारावेत. आत्ता जे आहे त्याच्या आधी इथे काय होतं? ते कोणी आणि का बदललं? आणि हे जे उभं आहे ते कशाचं बनलं आहे, ते सामान कुठून आलं? पहिल्या प्रश्नाला आजी-आजोबा लागतील, दुसऱ्याला ग्रामपंचायतीतली किंवा पालिकेतली जाणती माणसं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा चटकन मिळणार नाही. तरी तो विचारायला लावा. कार्मार्दनच्या चौकाचा आपल्याशी असलेला धागा या तिसऱ्या प्रश्नामुळेच हाती लागला.

मुलांनी आणलेल्या नोंदी वहीत तारखेसह लिहून ठेवायला सांगा. चौक पुढेही बदलतील. आज काय होतं हे सांगणारं लिखित साधन मग मुलांच्याच हाताचं असेल.